हवेतला थांबा

समुद्रपूरच्या बसस्थानकावर अजूनही एखादी गाडी उशिरा आली, की जुन्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "हवेतल्या थांब्यावर थांबली असन." मग सगळे हसतात. नव्या भरतीतल्या मुलांना हा विनोद कुठून आला ते ठाऊक नाही, तरी तेही हसतात. मी निवृत्त वाहक. पेपर वाचायला म्हणून तिथे जातो, आणि हे वाक्य कानावर पडलं की चहा अर्धा टाकून उठतो. कारण तो थांबा मी उभा केला. ज्या माणसाच्या नावावर तो खपवला जातो, त्याने त्यात एक वीटही लावलेली नाही. हे मी सोळा वर्षांपूर्वीच उभं राहून सांगायला हवं होतं. तेव्हा मी आलूबोंडा खात बसलो होतो.

तो माणूस म्हणजे आमचे वाहतूक नियंत्रक. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते सांगायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा वहीत टिपायच्या, हे त्यांचं काम. ते काम ते चोख करत. पण त्या कामात त्यांचा जीव नव्हता. त्यांचा जीव होता हवाई अंतरात.

एकदा मी त्यांच्या खिडकीशी असताना एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"हिंगणघाट किती दूर हाये, बाबू?"

"रस्त्यानं का हवेनं?"

म्हातारीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"हवेनं तीन टप्पे," कंट्रोलर म्हणाले. "एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. पण हवेनं जाणारी गाडी आज नाई. रस्त्याची फलाट दोनवर लागली हाये. जा माय, बसून घे."

टप्पा म्हणजे आमच्या एस.टी.चं माप. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि वर थोडंसं जरी अंतर झालं तरी पुढचा टप्पा पूर्ण धरायचा. कंट्रोलर विमानालाही हाच नियम लावत. किलोमीटर त्यांना कच्चं माप वाटायचं. "किलोमीटर मोजते तो नवशिका," असं त्यांचं म्हणणं होतं. "जाणता माणूस टप्प्यात बोलते."

मोजण्याची त्यांची पद्धत धाग्याची. खोलीच्या भिंतीवर शाळेतला जुना नकाशा लावलेला होता. एका गावावर बोट, दुसऱ्या गावावर बोट, मधे शिवणाचा धागा ताणायचा, तेवढाच कापायचा आणि स्टीलच्या पट्टीवर मोजायचा. मोजून झालेला धागा ते फेकत नसत. कागदाच्या पुडीत गुंडाळून, वर गावाचं नाव लिहून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्या डब्यात दिल्ली होती, कलकत्ता होतं, बंगलोर होतं. वहिनी वैतागून म्हणत, "मले बटन लावाले धागा नाई, अन् याईच्या डब्यात अमेरिका पडून हाये." एकदा त्यांनी खरोखरच एक पुडी सोडून गणवेशाच्या सदऱ्याला बटन लावलं. ती पुडी दुबईची निघाली. कंट्रोलर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बटनावर हात ठेवून मला म्हणाले, "माह्या छातीवर दुबई हाये, गड्या. सदरा जपून धुवा लागते."

नंतर कुणा मास्तराने त्यांच्या डोक्यात भरवलं, की दूरच्या गावांसाठी सपाट नकाशा खोटा पडतो, पृथ्वीचा गोल हवा. दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला गेले आणि परतीला माझ्याच गाडीत बसले. मांडीवर गोल. मी म्हटलं, "साहेब, तुमचा पास आहे, बसा." ते म्हणाले, "माहा पास हाये, याचा नाई. याचं हाफ काप."

"सामानाला हाफ तिकीट?"

"सारे देश त्याच्यात बसले हायेत. फुकट नेतं का?"

मी हाफ कापलं. ते तिकीट त्यांनी गोलाच्या बुडाला चिकटवलं. ते आजही तिथे आहे.

लग्नपत्रिका आली की कंट्रोलर आधी गावं पाहत. आहेराच्या पाकिटावर नावाखाली लिहिलेलं असायचं: "वधूग्राम ते वरग्राम हवाई अंतर अमुक टप्पे, उड्डाणवेळ अमुक मिनिटे. शुभाशीर्वाद." आमच्या एका चालकाची मुलगी आंजीला दिली. पाठवणीच्या वेळी तिची आई ऐकेना. पोरीच्या गळ्यात पडून रडायला लागली, की एवढ्या लांब दिली, मधे वर्धा पडते, दोन गाड्या बदलाव्या लागतात. कंट्रोलर पुढे झाले.

"काऊन रडता बाई? समुद्रपूर ते आंजी हवेनं दहा टप्पे. सहा मिनिटं. तुमचा भात शिजत नाई तितक्यात पोरगी आंगणात."

बाई रडायची थांबली. नाक पुसून म्हणाली, "अन् विमान?"

"ते सरकारनं पाहावं. आपलं काम अंतर सांगायचं."

बाई हसली. पोरगी हसली. मुलीकडच्यांनी कंट्रोलरना दुसऱ्यांदा जेवायला बसवलं.

ती सहा मिनिटं त्यांच्या मनची नव्हती, त्यामागे माझी मेहनत होती. सकाळी एक विमान आकाशात फार उंचावरून पांढरी रेघ ओढत पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं, समुद्रपूरवरून आणि मग आंजीवरून. कंट्रोलरनी मला सुटीच्या दिवशी आंजीला पाठवलं. तिथे माझ्या साळ्याच्या गच्चीवर मी बाजेवर उताणा पडायचं. उभ्याने नाही, कारण "उभ्या माणसाचं डोकं हलते." विमान बरोबर नाकावर आलं की मोबाईलमध्ये "आलं!" म्हणून ओरडायचं. समुद्रपुरात ते असेच उताणे पडलेले. खालून शेजारची बाई बघायची, की पाहुणा उन्हात बाजेवर पडून ओरडतो आहे. दुसऱ्या खेपेला तिने लिंबूपाणी पाठवलं. तिसऱ्या खेपेला मांत्रिकाचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी सहा मिनिटं आली. दुसऱ्या दिवशी सहाला पाच सेकंद कमी. तिसऱ्या दिवशी सोळा, कारण माझा डोळा लागला होता आणि "आलं!" मी जागा झाल्यावर ओरडलो. कंट्रोलरनी सोळाचा आकडा खोडला आणि समोर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "निरीक्षक झोपला." मला रागावले नाहीत. म्हणाले, "खरं सांगतलं ना तू, झालं मंग. झोप पकडता येते. खोटं नाई पकडता येत."

तर दहा टप्प्यांना सहा मिनिटं, म्हणजे टप्प्याला छत्तीस सेकंद. वर चढाव-उताराची दहा मिनिटं वेगळी. एवढ्या भांडवलावर कंट्रोलर जगातल्या कोणत्याही दोन शहरांमधला प्रवास सांगत. स्वतः मात्र कधी विमानात बसले नाहीत. नागपूरच्या विमानतळाच्या फाटकापर्यंतही गेले नाहीत. कुणी डिवचलं तर म्हणत, "मी वर गेलो तं खाली मोजन कोण?"

आणि मग माझ्या मुलाला पुण्यात मुलगी झाली, आणि त्याने माझं विमानाचं तिकीट काढलं. नागपूर ते पुणे. समुद्रपूरच्या बसस्थानकावरचा विमानात बसणारा मी पहिला माणूस.

ती बातमी ऐकून कंट्रोलर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्या निवृत्तीला महिनाही उरला नव्हता. आयुष्यभराच्या हिशोबाची परीक्षा घ्यायला आपला एक माणूस आपोआप वर चालला होता. त्यांनी डब्यातून पुण्याची पुडी काढली, धागा तीनदा मोजला. "एकशे एक टप्पे. शुभ आकडा हाये, पाय. एक घंटा, अकरा मिनिटं." गाड्यांच्या वेळा लिहायच्या फळ्यावर सगळ्यात खाली त्यांनी लिहिलं: "नागपूर–पुणे (हवेने). १०१ टप्पे. १ तास ११ मिनिटे. थांबा नाही."

मग स्वतःचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं.

"तिकिटावरची वेळ मले नको. ती फाटक ते फाटक राह्यते. चाकं जमीन सोडतीन, तवा वेळ लिहिजो. चाकं जमिनीले लागतीन, तवा लिहिजो. दुसऱ्या कोनावर माहा भरोसा नाई. तीस वर्षांत तुह्या गाडीची एक वेळ चुकीची लिहिलेली नाई."

ते खरं होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

मी विमानात बसलो. खिडकी मिळाली. शेजारी तिशीतल्या एक बाई, कानात वायरी घालून. विमान हळूहळू चालत होतं तोवर मी घड्याळ, वही, पेन घेऊन तयार होतो. मग ते धावायला लागलं. मी आयुष्यभर गाडीत उभ्याने प्रवास केलेला माणूस, वळणावर दांडा न धरता तिकिटं कापणारा. पण त्या यंत्राने जो आवाज केला आणि पाठीवर जी लाथ मारली, तिने माझे डोळे मिटले. ते मी उघडले नाहीत. पेन कुठे गेलं ते आजवर कळलेलं नाही. माझ्या हातात त्या बाईंचा हात होता. मी तो कधी धरला मला आठवत नाही, पण कधी सोडला ते आठवतं. त्या म्हणाल्या, "काका, आता सोडा हं. पुणं आलं. माणसं उतरताहेत."

त्यांच्या बोटांवर माझ्या अंगठीचे वळ होते.

बाहेर आल्यावर फोन लावायचा होता. समुद्रपूरच्या कंट्रोलरूममध्ये चालक, वाहक, कॅन्टीनवाला, सगळे जमले असणार हे मला माहीत होतं. मी काय सांगणार होतो? की डोळे मिटून परक्या बाईचा हात धरून बसलो होतो? ते मला पुढची दहा वर्षं विचारत राहिले असते, की काकू कशा आहेत. मी तिकिटाचा तुकडा पाहिला. त्यावरची वेळ पाहिली. मनगटावरच्या त्यांच्या घड्याळाकडे पाहवेना, म्हणून पुण्याच्या विमानतळाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आणि मनाने आकडे केले.

"चाकं सुटली दहा दहाले," मी फोनवर म्हणालो. "लागली अकरा पन्नासले."

पलीकडे मग कुणीतरी मोठ्याने वजाबाकी केली. "एक घंटा चाळीस! कंट्रोलर साहेब, तुमचं विमान एकोणतीस मिनिटं लेट!" हसण्याचा एकच गलका. त्यातून कंट्रोलरचा आवाज आला, अगदी शांत. एस.टी.तला माणूसच हा प्रश्न विचारू शकतो. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीला कुठे ना कुठे जेवणाचा थांबा असतो, अर्ध्या तासाचा.

"मधात थांबली का?"

आता सोळा वर्षांनी वाटतं, देवाने तेव्हा मला दार उघडून दिलं होतं. नाही म्हणायचं, हसायचं, सगळं सांगून टाकायचं. पण एक खोटं उघडं पडू नये म्हणून दुसरं तयारच असतं.

"थांबल्यासारखं वाटलं बा," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"असन अर्धा घंटा."

"हं," कंट्रोलर म्हणाले. त्या एका 'हं' मध्ये केवढं समाधान होतं, काय सांगू. त्यांचा हिशोब बरोबर निघाला होता. फक्त विमान मधे थांबलं होतं.

निरोप समारंभ बसस्थानकाच्या आवारातच झाला. वर्ध्याहून मोठे साहेब आले होते. शाल, नारळ, आलूबोंडा, चिवडा. कंट्रोलर बोलायला उठले. मला वाटलं चार वाक्यांत आभार मानून बसतील. त्यांनी खिशातून धागा काढला. एक टोक स्वतः धरलं, दुसरं मोठ्या साहेबांच्या हातात दिलं.

"हे नागपूर. तुमच्या हातात पुणं, साहेब. घट्ट धरा."

साहेबांनी पुणं धरलं. कंट्रोलरनी धाग्याच्या मधोमध चिमटीत धरून सांगितलं, की विमान इथे, पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या टप्प्यावर, अर्धा तास थांबा घेते. ड्रायव्हरचं चहापाणी असेल, इंजिन गार करायचं असेल, ते कंपनी सांगत नाही. पण थांबते. हवेतच. आपल्या बसस्थानकाचा विश्वासू माणूस त्यात होता आणि त्याने स्वतः अनुभवलं.

पहिल्यांदा मोठे साहेब हसले. मग इतके हसले की त्यांच्या हातून पुणं सुटलं. मग सगळं आवार हसलं. कुणी ओरडलं, "हवेत चहा उकळते का, साहेब?" कुणी म्हणालं, "संडासाले कोठी उतरत असतीन!" कंट्रोलर धागा धरून उभेच होते. त्यांनी पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. मी उठून एवढंच म्हणावं, की मी होतो त्यात. ते खोटं असूनही निदान ते एकटे तरी पडले नसते. आणि खरं बोललो असतो, तर हसण्याचा धनी आपोआप बदलला असता.

मी आलूबोंड्यातली मिरची बाजूला काढत होतो. आणि हसत होतो. हसलो नसतो तर कुणाला शंका आली असती.

त्या दिवसापासून त्यांचं नाव हवाई थांबा पडलं. बाजारात भाजीवाली विचारायची, "साहेब, थांबा हाये का आज?" लग्नपत्रिकेतली गावं पाहणं त्यांनी सोडलं. दोन-चार महिन्यांत समुद्रपूरचं घर सोडून ते मुलीजवळ वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहायला गेले. माझी मोठी बहीण त्याच बाजूला राहते. तिच्याकडे जाताना मी सोळा वर्षं एक गल्ली टाळून, वळसा घालून जात आलो. वळसा बराच मोठा आहे. कंट्रोलरच्या हिशोबाने पुरा एक टप्पा.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात एका लग्नाला गेलो. जेवणाच्या रांगेत मागे उभा होतो. पुढे पांढरे केस, वाकलेली पाठ आणि सदऱ्यावर एक बटन बाकीच्यांपेक्षा वेगळ्या धाग्याने शिवलेलं. मी ओळखलं. हाक मारली नाही. त्यांच्या बाजूला आमचाच एक जुना चालक होता. तो मस्करीच्या सुरात म्हणाला, "काय कंट्रोलर साहेब, आता तं मोबाईलवर दिसते विमान कोठी हाये ते. थांबताना काई दिसत नाई बा!"

कंट्रोलर म्हणाले, "तुह्या मोबाईलचं मले नको सांगू. माहा माणूस त्याच्यात बसलता. तो खोटं नाई सांगत."

मी ताट तिथेच ठेवलं आणि न जेवता घरी आलो.

चार दिवसांनी बोरगाव मेघेला गेलो. या खेपेला सरळ रस्त्याने. दार वहिनींनी उघडलं. "अगबाई! कंडक्टर!" म्हणाल्या. "या या. सोळा वर्षांत याईनं तुमचं नाव घेतलं नाई असा दिवस नाई, अन् तुमी एक डाव तोंड दाखवलं नाई." कंट्रोलर तखतावर बसले होते. पृथ्वीचा गोल फ्रीजवर, थंडी वाजू नये म्हणून त्याला वहिनींची जुनी कानटोपी घातलेली.

मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. डोळे, बाईंचा हात, भिंतीवरचं घड्याळ, मनाचे आकडे. आणि आलूबोंडा.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"म्हंजे थांबली नाई?" कंट्रोलर म्हणाले.

"नाही साहेब."

"अबे, मंग मी सोळा वर्षं काय शोधून राह्यलो?"

ते उठले. कपाटातून वह्या काढल्या. एक, दोन, पाच. नागपूर ते पुण्याच्या धाग्याखाली कोणती गावं येतात, कुठे हवा शांत असते, कुठे थांबायला जागा बरी. पानोपानी नकाशे. जालन्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, समोर "संशय दाट" असं लिहिलेलं. "मले वाटे जालन्यावर थांबत असन," ते म्हणाले. "दोन खेपा जालन्याले जाऊन आलो, गड्या. दोन दोन दिवस गच्चीवर उताणा पडलो. एक विमान थांबलं नाई. मले वाटलं, मी आलो की थांबत नाई."

यावर वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. मलाही हसू यायला लागलं, आणि त्याच वेळी डोळेही भरले. मी म्हणालो, "साहेब, लोक तुम्हाला हसले. माझ्यामुळे."

"लोकाईचं जाऊ दे. लोक तिकीट घेतानाबी हासते." त्यांनी हात झटकला. मग माझ्याजवळ वाकून, डोळे बारीक करून विचारलं, "मले हे सांग. चाकं लागली किती वाजता?"

"माहीत नाही."

"अन् सुटली?"

"तेही माहीत नाही."

ते पुन्हा तखतावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दुःख दिसलं. "म्हंजे एक घंटा अकरा मिनिटं बरोबर का चूक, हे अजून कोनालेच माहीत नाई."

"नाही."

"मंग जा लागन," कंट्रोलर म्हणाले. "दोन तिकिटं काढ. नागपूर ते पुणे."

"न्या त्याईले," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त परत आणजा. जालन्याले उतरवून देऊ नका."

तर सोळा वर्षांनी मी पुन्हा विमानात बसलो, आणि पंचाहत्तर वर्षांचे कंट्रोलर पहिल्यांदा. तपासणीच्या जागी त्यांची पिशवी यंत्रातून गेली. पहारेकरी मुलीने पत्र्याचा डबा उघडला, एक पुडी वर धरली.

"आजोबा, हे काय आहे?"

"पुणं," कंट्रोलर म्हणाले.

तिने पुडी उघडून धागा पाहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि हाताने पुढे जा अशी खूण केली.

घड्याळ या खेपेला मी माझं आणलं होतं. त्यांनी माझ्या मनगटावर पुन्हा स्वतःचंच बांधलं, पट्टा नवा. खिडकी त्यांना दिली. वही त्यांच्या मांडीवर, पेन सुतळीने वहीला बांधलेलं. "यावेळी मी सोता लिहिन," ते म्हणाले. "तू फक्त खिडकीतून चाकं पाय."

"चाकं आतून दिसत नाहीत साहेब."

"मंग काय पायतं मंग? पाठीनं समजून घे."

विमान धावायला लागलं. तोच आवाज, तीच लाथ. माझ्या हातावर काहीतरी आदळलं. कंट्रोलरचा हात होता. त्यांनी माझी चार बोटं धरली आणि डोळे गच्च मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा. कान लावला तर ते टप्पे मोजत होते. "एक... दोन... तीन..."

मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण डोळे उघडे ठेवले. वही त्यांच्या मांडीवरून ओढून घेतली आणि जमीन सुटल्याबरोबर डाव्या हाताने वेळ लिहिली. उजवा त्यांच्याकडे होता. आठ बेचाळीस. मग वही मिटली नाही. चहा आला, मी घेतला नाही. ढग आले, मी पाहिले नाहीत. काटा पाहत बसलो. कुठेतरी वाटेत त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "जालना आलं का?" मी म्हटलं, "खाली ढग आहेत साहेब, दिसत नाही." ते "हं" म्हणाले.

चाकं टेकली तेव्हा नऊ सत्तावन्न झाले होते.

मी आकडा लिहायच्या आधी थांबलो. नऊ त्रेपन्न लिहिलं असतं, तर एक तास अकरा मिनिटं बरोबर आली असती. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला चार मिनिटं दिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी एकदा याच माणसाला एकोणतीस मिनिटं दिली होती. मी सत्तावन्न लिहिलं.

माणसं उठायला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझी बोटं सोडली. या खेपेला त्यांच्या अंगठीचा वळ माझ्या बोटांवर होता.

"सांग."

"एक तास पंधरा मिनिटं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मीही नजर हलवली नाही. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

"चार मिनिटं लेट," ते म्हणाले. "पाच मिनिटांच्या आतली गाडी आपण टायमातच धरतो ना?"

"धरतो साहेब."

"मधात थांबली का?"

"नाही. कुठंच थांबली नाही."

त्यांनी वही घेतली. अक्षर तेच सुवाच्य. सोळा वर्षांपूर्वीचं पान त्यांनी सोबत आणलं होतं. त्यावरचे माझे आकडे एका रेघेत खोडले आणि समोर लिहिलं: "निरीक्षकाचे डोळे मिटलेले." मग नव्या पानावर लिहिलं: "नागपूर–पुणे. १०१ टप्पे. १ तास १५ मिनिटे. थांबा नाही."

पेन थोडा वेळ कागदावर टेकवून ते विचार करत राहिले. मग खाली आणखी एक ओळ घातली, मला दिसेल अशी वही फिरवून.

"कंट्रोलरचे डोळे मिटलेले. निरीक्षकाचे उघडे होते."